बिनकोपऱ्याचं घर

गिरजावहिनीच्या घरात सुरी नव्हती. विळी नव्हती, कात्री नव्हती, दाढीचं पातंसुद्धा नव्हतं. तिचा नवरा श्रावणभाऊ दाढीला कॅम्पातल्या न्हाव्याकडे जायचा. आणि भाजी चिरायची असली की ती स्वतः पदरात चार वांगी घेऊन आमच्या दारात यायची, आमच्या विळीवर बसायची आणि चिरता चिरता आईशी भांडायची.

“काय व जनाबाई, या विळीनं पाणी तरी कापलं जाते का?”

“मंग आपली घे ना इकत.”

“माह्या घरात मी धार येऊ देत नाही. माहीत आहे ना तुले? मंग कावून विचारून राहिली?”

आईला माहीत होतं. आमच्या सगळ्या लाइनीला माहीत होतं. भिलाईचा प्लँट तेव्हा उभा राहत होता आणि आम्ही सगळे मजूर तिथल्या कॅम्पात, एका लाइनीत बांधलेल्या पत्र्याच्या एकेक खोलीत राहत होतो. खोल्या सारख्याच, पण गिरजावहिनीची खोली कुणीही ओळखली असती. खाटेच्या चारही पायांना बारदान गुंडाळलेलं. दाराच्या चौकटीला माणसाच्या कमरेइतक्या उंचीपर्यंत गोधडीच्या पट्ट्या. चुलीच्या कडा मातीनं गोल केलेल्या. पत्र्याची पेटी उंच फळीवर. आणि दाराला उंबरा नाही, कारण तो तिनं सब्बल घेऊन स्वतः उखडला होता. सुपरवायझर चौकशीला आला तेव्हा ती हातातलं घमेलं न टाकताच म्हणाली, “तुमचा उंबरा तिकडे पडला आहे. घेऊन जा. माही पोट्टी त्यावर पडली तं तिले कुठून आणून देता?”

सुपरवायझर उंबरा न घेताच परत गेला.

पोट्टी म्हणजे सोनी. वय तीनच्या आत, डोळे मोठे, आणि दोन्ही गुडघ्यांना गिरजावहिनीनं शिवलेल्या कापसाच्या गाद्या. ती कुठे आपटली की तिथे काळंनिळं व्हायचं आणि सुजायचं. साधं खरचटलं तरी रक्त झिरपत राहायचं. आमच्या लाइनीतली पोरं विटीदांडू घेऊन निघाली की गिरजावहिनी दारातून शिव्या सुरू करायची. पोरं तिच्या दारासमोरून विट्या खिशात घालून जायची.

मला लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तेव्हा दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होते, आणि मराठी घरातच काय ती बोलते. त्यामुळे हे जसं आठवतं तसंच लिहिते. गिरजावहिनीबद्दल आमच्या लोकांत अजूनही वाईट बोललं जातं. ते ऐकून मला राग येतो, आणि तो राग बोलून निघत नाही.

ती रेजा होती. इकडे बांधकामावरच्या बाईला रेजा म्हणतात. डोक्यावर गिट्टी, रेती, काँक्रीट वाहायचं, सळया बांधणाऱ्यांना तार पुरवायची. दिवसभर लोखंडात वावरणारी बाई घरी आली की आधी आपल्या हातांची कातडी चाचपायची. बोटाला कुठे साल निघालेलं, टोचणारं असेल तर ते दगडावर घासून गुळगुळीत करायची, मगच सोनीला उचलायची. हे मी रोज पाहायचे.

तिचं तोंड फार वाईट होतं. दया दाखवणाऱ्याला ती सगळ्यात आधी झोडपायची. कुणी “बिचारी” म्हटलं की म्हणायची, “बिचारी तुही सासू. मले पाण्याची बादली उचलू लाग, तेवढं केलं तं पुरे.”

सोनीच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तो आठवडाभरही जगला नाही. नाळ गळाली आणि बेंबीतून रक्त यायला लागलं. सुईणीनं राख दाबली, हळद दाबली, तंबाखू दाबला. रक्त थांबलं नाही. सोनीच्याही वेळी तसंच झालं, पण तोवर गिरजावहिनी शहाणी झाली होती. ओली बाळंतीण ती लेकराला घेऊन पायी दवाखान्यात गेली. तिथं बाटलीतून दुसऱ्याचं रक्त चढवलं तेव्हा सोनी वाचली.

आता तिच्या सासूबद्दल सांगायला हवं. भागरथाबाई ही गिरजावहिनीची सख्खी आत्या. आमच्यात भाचीवर आत्याचा पहिला हक्क असतो. मुलगी जन्मली की आत्या म्हणते, “माही सून आली.” गिरजावहिनीच्या बारशालाच भागरथाबाईनं असं म्हटलं होतं, आणि लहानपणी तिचे सगळ्यात जास्त लाडही तिनंच केले होते. पण पहिला नातू गेला तेव्हा आत्याला प्रश्न पडला. दोष कुणाला द्यायचा? मुलगा आपला. सून भावाची. भावाच्या घराला नाव ठेवलं तर ते आपल्याच माहेराला लागतं. तेव्हा तिनं बरोबर जागा शोधली. गिरजावहिनीची आई! ती दुसऱ्या गावची, परक्या घरची.

“माह्या बापाचं रक्त सोन्यासारखं,” भागरथाबाई नळावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. “खोट आली ते हिच्या मायकडून. तिच्या घरात काय करणी आहे, कोनाले माहीत!”

त्या माउलीनं हे ऐकलं, आणि लेकीच्या दारात पाऊल ठेवणं बंद केलं. सोनी जन्मली तरी ती आली नाही. भंडाऱ्याकडून कुणी येणारं असलं की त्याच्या हाती कापूस पाठवायची, नातीच्या गाद्यांसाठी.

आमची सगळी वस्ती बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. भागरथाबाईच्या घरानंही घेतली होती. देव टोपलीत भरून वैनगंगेत सोडले, त्याची गोष्ट ती अभिमानानं सांगायची. मग ही करणी कुठून आली? देव सोडले, अंगात येणं सोडलं, उपास सोडले. बाईला दोष द्यायचा तेवढा मात्र टोपलीत घालायचा राहिला. मी हे एकदा आमच्या घरी बोलले तर बाबा म्हणाले, “कॉलेजात हेच शिकवतात का?” कॉलेजात हे शिकवत नाहीत.

त्या वर्षी भागरथाबाईनं धाकट्या मुलासाठी, वसंतासाठी, गिरजावहिनीच्या धाकट्या बहिणीला मागणी घातली. कमल तिचं नाव. “मोठीनं जे दिलं नाही ते धाकटी देईन,” ती म्हणाली. भावानंही बहिणीला शब्द दिला. एका घरात दोन बहिणी, चांगलंच झालं, असं सगळी लाइन म्हणू लागली. एकटी गिरजावहिनी कांदा चिरता चिरता माझ्या आईला म्हणाली, “मले कायतरी बरोबर नाही वाटून राहिलं. पण काय, ते समजत नाही.”

मग कान टोचायचं झालं.

सोनीचे कान टोचलेले नव्हते, आणि ते टोचलेले नाहीत म्हणूनच तिला नजर लागते, असं भागरथाबाईनं ठरवलं. एका रविवारी स्लॅब टाकायचं काम होतं. स्लॅब सुरू झाला की मध्ये थांबवत नाहीत, त्यामुळे गिरजावहिनीला सुटी मिळाली नाही. ती कामावर गेली आणि आजी नातीला घेऊन बाजारातल्या सोनाराकडे गेली.

गिरजावहिनी परत आली तेव्हा सोनी भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही खांदे लाल, झबलं छातीपर्यंत भिजलेलं. ती रडतही नव्हती. भागरथाबाई बाजूला राख घेऊन बसली होती.

मला वाटलं, आता कॅम्प हादरणार. पण ती ओरडली नाही. तिनं सोनीला उचललं, एक कान चिमटीत धरला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “दुसरा तू धर.” आम्ही तशाच चालत दवाखान्यात गेलो. वाटेत तिला गप्प असलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला तिची भीती वाटली.

सोनीला रक्त हवं होतं. रक्त दिलं की माणूस नामर्द होतो, असं तेव्हा लोक सर्रास मानायचे. स्लॅब अजून चालूच होता; गिरजावहिनी परत कामावर गेली आणि बांधकामाच्या मचाणाखाली उभी राहून एकेकाचं नाव घेऊन बोलावू लागली. “ए साहू मिस्त्री! सकाळपासून माह्या डोक्यावरचा सिमेंटचा मसाला खाऊन राहिला, आता बाटलीभर रक्त दे! ए राव! एवढा मोठा देह काय फक्त विड्या फुकाले आहे?” साहू मिस्त्री आला. वेल्डर राव आला. नात्यातलं मात्र कुणी आलं नाही. श्रावणभाऊ दवाखान्याच्या फाटकापर्यंत आला आणि तिथेच बसून राहिला.

रक्त तपासणाऱ्या खोलीत एक तरुण बंगाली डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सोनी थोडी सावरल्यावर गिरजावहिनीला आत बोलावलं. टेबलावर लाकडी घोडीत काचेच्या दोन नळ्या होत्या. एक, दुसऱ्या कुणा धडधाकट माणसाच्या रक्ताची, त्यांनी पूर्ण उलटी केली. आतलं रक्त जेलीसारखं चिकटून राहिलं, खाली आलं नाही. दुसरी सोनीची. ती आदल्या दिवशीची होती. ती नुसती कलती केली आणि रक्त पाण्यासारखं वाहत काठापर्यंत आलं.

“देखा?” बाई म्हणाल्या. “इसका खून जमता ही नहीं.”

“कावून?” गिरजावहिनीनं मराठीतच विचारलं.

बाईंनी कागद ओढला आणि पेन्सिलीनं एक रेघ काढली, रेघेवर तीन मणी. दोन टोकांना दोन, एक मधे. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं एक प्रथिन असतं, ते असं दिसतं, त्या म्हणाल्या. परदेशातल्या लोकांनी मोठ्या यंत्राखाली त्याचे फोटो घेतलेत. एरवी हे तुकडे रक्तात सुटे तरंगतात. जखम झाली की मधल्या मण्यावरची बारीक टोकं कापली जातात. मग तुकडे एकमेकांना धरतात, टोकाला टोक, बाजूला बाजू, आणि त्यांची जाळी तयार होते. त्यांनी खाली दुसरी ओळ काढली, पहिलीपेक्षा अर्धी सरकवून. वरचा सांधा खालच्या तुकड्याच्या बरोबर मध्यावर.

गिरजावहिनी पुढे वाकली. “ईट का चिनाई ऐसाच करते. सांधे पे सांधा नहीं आने देते.”

“हाँ,” बाई हसल्या. “वैसा ही.”

“और जाळी मतलब सरिया?”

“सरिया, हाँ. बाकी सब उसमें अटकता है.”

“मंग माही सोनी...” ती मराठीत आली. “गिट्टी आहे, रेती आहे, सिमेंट आहे. सळईच नाही टाकली.”

बाईंना सगळे शब्द समजले नसतील, पण त्यांनी मान हलवली. बाहेरून रक्त दिलं की त्यातली सळई थोडे दिवस पुरते, मग संपते, असं त्यांनी सांगितलं. कायमचं औषध नाही. मग त्यांनी विचारलं, “आदमी आपका रिश्ते में है?”

“सास मेरी बाप की सगी बहन.”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. हा दोष आईबाप दोघांकडून एकदम आला तरच लेकराला होतो, त्या सावकाश म्हणाल्या. एकाकडूनच आला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला कळतही नाही. आणि तरीही प्रत्येक लेकराला होतोच असं नाही. दोष इतका दुर्मीळ की दोन परक्या घरांत सापडणं कठीण. “तुम दोनों को एक ही घर से मिला होगा. दादा से, या दादी से.”

मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, “मतलब मेरी माँ का नहीं?”

“खून देखके बताऊँगी.”

सोनीचं ऐकून गिरजावहिनीचे आईबाप भंडाऱ्याहून आलेच होते. आई दवाखान्यातच उतरली, घरी आली नाही. बाईंनी सगळ्यांचं रक्त घेतलं. गिरजावहिनीचं फायब्रिनोजेन निम्मं निघालं. श्रावणभाऊचं निम्मं. तिच्या बापाचं निम्मं. आईचं पूर्ण भरलं. भागरथाबाईला निरोप गेला होता. ती म्हणाली, “मले काय झालं आहे रक्त द्याले?”

आईचं पूर्ण निघाल्याचं कळलं तेव्हा गिरजावहिनी व्हरांड्यात आली. आई खाली बसून कापूस पिंजत होती. वहिनी तिच्यासमोर बसली आणि तिच्यावरच खेकसली, “इतके वर्स कावून ऐकून घेतलं व माय तू? कावून?” पिंजलेला कापूस म्हातारीच्या मांडीवरून उडत राहिला.

यानंतर कोणत्याही शहाण्या घरात ते लग्न थांबलं असतं. कमल आणि वसंता, दोघांतही तो दोष असू शकत होता. नसूही शकत होता. एकदा रक्त दिलं असतं की कळलं असतं, इतकी सोपी गोष्ट. पण गिरजावहिनीचा बाप म्हणाला, बहिणीला शब्द दिला आहे. भागरथाबाई म्हणाली, लग्नात कुंडली पाहायची सोडली ती काय रक्त पाहायला? आणि साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला. कमललाही भंडाऱ्याहून आणलं.

भागरथाबाईच्या घरासमोर बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातला. समाजातले चार मोठे लोक सतरंजीवर बसले. कमल पाटावर, खाली मान घालून. ताटात नवी साडी, साखर, नारळ. आम्ही बायका एका बाजूला. गिरजावहिनी दिसत नव्हती. सगळ्यांना बरंच वाटलं असावं.

ती दवाखान्याकडून आली. काखेत सोनी, आणि पदराच्या गाठीतून काढलेली काचेची नळी. तिच्या घरात काच कुणी कधी पाहिली नव्हती. मांडवाच्या मधोमध उभी राहून तिनं नळी कलती केली. इकडे केली, तिकडे केली. रक्त इकडून तिकडे वाहिलं.

“पाहा,” ती म्हणाली. “हे कालचं आहे. अजून पाणीच आहे. हे माह्या मायचं नाही. हे आपलं आहे, आत्या. तुह्या बापाच्या घरचं. तू ज्याले सोनं म्हणून राहिली होती, ते.”

“हिले बाहेर काढा!” भागरथाबाई उठली. “लेकराचं रक्त चारचौघांत आणते, बाई आहे का हडळ!”

“हडळच. माह्या पोराले राखेत दाबून मारलं तेव्हा कोनी हडळ नव्हतं, सगळे मानसंच होते. बाबा, तुमी शब्द दिला, चांगलं केलं. वसंता, तू फक्त एकदा दवाखान्यात ये. कमल बी येईन. चांगलं निघालं तं मी सोता हळद वाटतो.”

वसंता हसला. “मी काय बाजारातला बैल आहे, तपासून घ्याले?”

दोन-चार पुरुष हसले. त्या हसण्याचा राग मला आजही येतो. मोठ्यांपैकी एक जण म्हणाला, “बाई, घरातली गोष्ट घरात ठेवा. समाजाची इज्जत असते.”

“घरातच ठेवली होती,” गिरजावहिनी म्हणाली. “तेच तं होऊन राहिलं आहे. घरातली पोरगी घरातच, घरातलं रक्त घरातच.”

तेवढ्यात कमलनं हात पुढे केला. वाटलं, ती साडी उचलणार. तिनं ताटच उचललं आणि वसंताच्या पुढ्यात नेऊन ठेवलं.

“मी उद्या सकाळी जाऊन राहिली रक्त द्याले. तू बी ये. मंग साडी घेईन.”

दुसऱ्या दिवशी कमल गेली. तिचं पूर्ण निघालं. वसंता गेला नाही. कमलचं पूर्ण आहे म्हटल्यावर लग्न करायला तसा धोका उरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनीही तसं सांगितलं. भागरथाबाईनं पुन्हा निरोप पाठवला. पण कमलनं कळवलं, “बैल नको मले.” ती आईबरोबर भंडाऱ्याला परत गेली. पुढे तिनं नर्सचं शिक्षण घेतल्याचं ऐकलं.

याची किंमत गिरजावहिनीनं मोजली. भागरथाबाई दोन्ही मुलांना घेऊन दुसऱ्या कॅम्पात राहायला गेली. श्रावणभाऊसुद्धा गेला. वाईट माणूस नव्हता तो. उंबराच नसल्यामुळे दारातून निघताना त्याला अडखळायचीही वेळ आली नाही, एवढंच. गिरजावहिनी सोनीला घेऊन त्याच खोलीत राहिली. नळावर बायका तिच्यासाठी जागा करत, पण बोलत नसत. ती मात्र सगळ्यांशी बोलायची, म्हणजे भांडायची. आमच्या विळीवर येऊन बसायची. “काय व कॉलेजवाली, तुह्या पुस्तकात आहे का माह्या सोनीचं?” एकदा तिनं विचारलं. मी शोधलं होतं. रक्त गोठण्यावर एक पान होतं, आणि असा आजार दुर्मीळ आहे, एवढी एक ओळ.

“दुर्मीळ,” ती म्हणाली. “ज्याच्या घरी नाही त्याले दुर्मीळ.”

मी तिला शेवटची पाहिली ती दुर्ग स्टेशनवर. मी कॉलेजातून परतत होते. गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर उभी होती आणि बायकांच्या डब्यात खिडकीशी ती बसलेली. सोनी मांडीवर, गुडघ्यांना नव्या, मोठ्या गाद्या. कानांची भोकं बुजून गेली होती.

“कुठं निघाल्या वहिनी?”

“लग्नाले. वसंताचं आहे. धाकट्या काकाच्या पोरीशी लावून राहिले.”

म्हणजे भागरथाबाईच्या दुसऱ्या भावाची मुलगी. तेच घर. मी विचारलं, “बोलावणं आलं होतं?”

“मले कोन बोलावते?” ती हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. “अन् बोलावलं नाही म्हणून काय मी लग्नाले जाऊ नये?”

तिच्या पदराला गाठ होती. गाठीत काय होतं ते मी विचारलं नाही.

तेवढ्यात एक बाई पत्र्याची पेटी घेऊन डब्यात चढली आणि तिनं ती पेटी सोनीच्या अगदी जवळ आदळली. “डोळे फुटले का तुहे? लेकरू दिसत नाही? सरकव तिकडे!” ती बाईही कमी नव्हती, दोघींचं जुंपलं. गाडीनं शिटी दिली. पेटी सरकवायला जागाच नव्हती.

गाडी हलली तेव्हा दोघी भांडतच होत्या. आणि भांडता भांडता गिरजावहिनीनं पेटीच्या कोपऱ्यावर आपला पंजा घट्ट दाबून धरला होता. खिडकी दिसेनाशी होईपर्यंत तो तिथून हलला नाही.